सरासरी बिल

डिचोलीहून नार्व्याच्या धक्क्यापर्यंत बावीस पॉइंट चार.
मला कुठून कळणार, विशांतने सांगितलं,
हँडलवरच्या काळ्या डबीकडे बघत,
पेशंटकडे न बघता
थर्मामीटरकडे बघणाऱ्या डॉक्टरसारखा.

फेरीबोट पलीकडे, दिवाडीच्या काठाला.
एका टेंपोसाठी थांबलेली. टेंपोत चिरे,
टेंपोवाला चहा पीत.
आकडा पडू नये म्हणून
विशांत धक्क्यावरच सायकलने गोल गोल फिरू लागला.
गळ टाकून बसलेला म्हातारा म्हणाला,
"किदें शेणलें रे तुजें?"
काय हरवलं होतं?
पॉइंट दोन.

मग मांडवीवर, फेरीबोटीत,
सायकली कठड्याला टेकवलेल्या, चाकं गप्प,
आणि उपग्रहाची समजूत अशी की
आम्ही पाण्यावरून पॅडल मारत चाललोय, ताशी नऊने.
विशांत हळहळला.
मी आयुष्यात इतकं छान सायकलिंग केलं नव्हतं.

मी वीज खात्यात मीटर रीडर, एकोणतीस वर्षं.
घराला कुलूप असेल, कुत्रा सुटा असेल,
माणसं लिस्बनला लेकाकडे गेली असतील
तर मागच्या महिन्यांवरून हिशेब करून
आम्ही बिल लावतो. सरासरी बिल.
म्हणून त्याला म्हटलं, सरासरी मला शिकवू नकोस.
सरासरी म्हणजे
दार कुणी उघडलं नाही.

वाक्य बरं जमलं होतं.
मी जरा नदीकडे वगैरे पाहिलं.

"अकरा," विशांत म्हणाला.
"गेल्या मार्चात. स्टेंट घातल्यावर दीड महिन्याने.
मयेच्या तळ्यापर्यंत.
उज्वला मागून स्कूटरवर,
तिला सारखा पाय टेकावा लागायचा,
इतका मी हळू."

बोटीचं इंजिन बदललं, काठ जवळ आला.
माझ्याकडे दुसरं वाक्य नव्हतं.

दिवाडीत पिएदादच्या चढावर
आम्ही सातने चढलो, धापा टाकत,
काजूच्या मोहराचा वास नाकात नाही, थेट घशात.
उतरताना एक्केचाळीस.
डबी म्हणाली, बारा.
बाराने आम्ही कुठे चाललो होतो?
फार तर एक क्षण,
माथ्यावर चर्चपाशी, ब्रेक सोडल्या सोडल्या,
जेव्हा खालची खाजनं एकदम दिसली
आणि दोघांपैकी कुणीही डबीकडे बघत नव्हतं.

बांधावर पाणकोंबड्यांसाठी वीस मिनिटं थांबलो.
ती वीस मिनिटं धरायची की वगळायची
असं एक बटण असतं म्हणे त्या यंत्रात.
विशांतने ते दाबलं का, मी विचारलं नाही.
परतीला समोरून वारा होता.
त्याची नोंद कुठेच नाही.
मी त्याच्या मागे, त्याच्या पाठीच्या आडोशाला,
मांड्या माझ्या, वेग त्याचा.
घरी पोचल्यावर त्याने आकडा उज्वलाला दाखवला:
सतरा. तिने चष्मा शोधला,
नीट वाचला, आणि मला म्हणाली,
भाऊ, जेवूनच जा.

सोमवारी मयेत ड्युटी.
तिसरं घर बंद. पायरीवर चपला नाहीत.
यंत्रात सरासरीचा कोड टाकणार
तेवढ्यात आतून कुकरची शिट्टी झाली,
किंवा पलीकडच्या घरात झाली असेल.
पुढची अकरा घरं बाकी होती.
मी सायकल स्टँडला लावली
आणि पुन्हा एकदा कडी वाजवली.